कष्टाला नाव हवे : लताबाई मंगेशकरांचे दुसरे कर्तृत्व

(शिरगाव येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र आपल्यापुढे ठेवण्याचे काम यंदा चिटणीसांनी माझ्याकडे सोपविले. मी लता मंगेशकर यांचे नाव सुचविताच एका मित्राने विचारले, "त्यांच्या गाण्याविषयी आता नवे ते काय सांगणार?" प्रश्न रास्त होता. म्हणून आज मी त्यांच्या गाण्याविषयी बोलणारच नाही. लताबाई प्रथम बालनटी होत्या, पुढे चित्रपटनिर्मात्या झाल्या, आणि आपल्या कलेचा व्यवहार त्यांनी जन्मभर डोळसपणे सांभाळला. मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या कर्तृत्वाविषयी.

लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरला झाला. वडील मास्टर दीनानाथ हे बळवंत संगीत मंडळीचे मालक आणि रंगभूमीचे मानकरी. पुढे ते चित्रपटाच्या धंद्यात शिरले, १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' निघाले. परंतु त्या धंद्यात मंडळीला उतरती कळा लागली. गुणाला व्यवहाराची जोड नसली म्हणजे वैभव कसे ओसरते, हे त्या मुलीने घरातच पाहिले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथांचे देहावसान झाले. पाच भावंडांत थोरली असलेल्या लताचे तेव्हा तेरावे वर्ष चालू होते.

अशा वेळी मास्टर विनायक या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात लताबाईंनी काम केले; पाठोपाठ 'माझे बाळ', 'चिमुकला संसार' व 'गजाभाऊ' हे चित्रपट आले. १९४५ च्या 'बडी माँ' मध्ये त्या नूरजहाँबरोबर दिसल्या. चेहऱ्याला रंग लावून प्रखर दिव्यांपुढे उभे राहणे आपल्याला मुळीच रुचत नसे, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. परंतु घरात खाणारी तोंडे होती, आणि आवडीनिवडीचा प्रश्न तिथेच संपत होता. या कथेचे आपण कौतुक करतो. पण त्यात एका मुलीची शाळा हरवली, हे विसरू नये. १९४७ साली विनायकरावही गेले, आणि लताबाईंनी पार्श्वगायनाची वाट धरली.

१९४९ साली 'महल' चित्रपटाचे गीत घरोघरी पोहोचले. मात्र तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ते 'कामिनी', म्हणजे पडद्यावरील पात्राचे! आवाज एकीचा आणि नाव दुसरीचे. गाणाऱ्याचे नाव तबकडीवर यावे हा आग्रह तेथून बळावला आणि तो मान्य झाला. पुढे १९६० नंतर त्यांनी दुसरा प्रश्न उपस्थित केला. गाणे विकले जात आहे तोवर त्याच्या उत्पन्नात गायकाचाही वाटा का नसावा? महंमद रफींचे मत वेगळे होते. एकदा मोबदला घेतला की गायकाचा हक्क संपला, असे ते म्हणत. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबविले. अखेर २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि गायकाच्या या हक्काला कायद्याचा आधार मिळाला. तोवर अर्धशतक लोटले होते.

निर्मितीतही त्यांनी पाऊल टाकले. १९५३ साली मराठी 'वादळ' व सी. रामचंद्र यांच्यासह हिंदी 'झांझर', १९५५ साली 'कांचन गंगा', आणि दीर्घकाळानंतर १९९० साली 'लेकिन'. या अखेरच्या चित्रपटाचे दिग्दर्शन गुलजार यांनी, तर संगीत बंधू हृदयनाथ यांनी केले. त्यातील गायनासाठी लताबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१२ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्यांनी 'एल. एम. म्युझिक' ही स्वतःची संगीत कंपनी काढली. ज्या पुण्यात वडील गेले, तेथे २००१ साली त्यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई निवर्तल्या.

बंधुभगिनींनो, हे चरित्र मी शिरगावात का सांगितले? माझी आई याच गावच्या वाडीतील भाजी डोक्यावर घेऊन पालघरला विकावयास जात असे. त्या पैशावर आम्ही भावंडे शिकलो. वडिलांची हिशेबाची वही मी अद्याप जपून ठेवली आहे. तीत भाजीचे पैसे आहेत, आईचे नाव कोठेही नाही. वडील सज्जन होते. नाव लिहावयाचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि मलाही ते फार उशिरा उमगले.

आज आपल्या मुली बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत व कचेऱ्यांत पाळ्या करतात, सुना वाडी व दुकान सांभाळतात. त्यांचे बँकेतील खाते त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे काय? घराच्या व जमिनीच्या कागदांवर त्यांचे नाव आहे काय? आणि एखाद्या बालकाला मालिकेत वा चित्रपटात काम मिळाले, तर आईबापांनी नियम जाणून घ्यावा. दिवसात पाच तासांहून अधिक काम नाही, शाळा बुडवावयाची नाही, आणि कमाईचा निदान पाचवा हिस्सा मुलाच्याच नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावयाचा. १९४२ साली असा नियम नव्हता. आज तो आहे, आणि तो पाळणे आपल्या हाती आहे.

लताबाईंचा कंठ कोणाला मागून मिळणार नाही. पण आपल्या कष्टाला आपले नाव मागण्याचा त्यांचा बाणा प्रत्येक घराला घेता येईल. आज घरी गेल्यावर आपापली वही उघडा आणि जिचे नाव राहून गेले असेल, ते स्वतःच्या हाताने लिहा, एवढीच माझी प्रार्थना आहे.