पंक्तिप्रपंच



उज्जयिनीस क्षिप्रेकाठी सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. शिंदे सरकारने १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला. विद्यार्थ्यांना तेथे नेले, की जयसिंहाची एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. जेझुइट फादर फिगेरेदो ह्यांच्यासमवेत पोर्तुगालला मंडळी धाडून त्याने युरोपातील ज्योतिर्विद ला हीर ह्याची कोष्टके आणविली; परंतु ती डोळे मिटून स्वीकारली नाहीत. वेध घेऊन पडताळली, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची तफावत आढळली.

अशीच एक पडताळणी आपल्या काळात जिनिव्हाजवळ भूगर्भात चालली आहे. इलेक्ट्रॉन, म्युऑन व टाऊ ही मूलकणांतील तीन भावंडे. तिघांचा विद्युत्भार सारखा; वजन मात्र भिन्न. म्युऑन इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड. तरीही वजनाचा भेद सोडला, तर निसर्ग ह्या भावंडांत पंक्तिप्रपंच करीत नाही, असा मान्य सिद्धांत आहे.

तो पारखावयाचा कसा? ‘बी’ नावाचा अल्पायुषी कण क्वचित, दहा लाखांत एकदाही नाही इतका क्वचित, एक ‘के’ कण आणि म्युऑनांची वा इलेक्ट्रॉनांची जोडी मागे ठेवून विघटित होतो. मूळ घटनाच इतकी विरळ, की एखाद्या अज्ञात शक्तीने किंचित हात लावला, तरी तो लपत नाही. दोन्ही जोड्यांची संख्या समसमान भरावयास हवी. मार्च २०२१ मध्ये मात्र इलेक्ट्रॉनांच्या शंभर जोड्यांमागे म्युऑनांच्या सुमारे पंच्याऐंशीच भरल्या. केवळ योगायोगाने असे घडण्याचा संभव हजारात एक! नव्या निसर्गनियमाची चाहूल लागली, असे जगभर बोलले गेले.

परंतु त्याच शास्त्रज्ञांनी आपलेच गणित पुन्हा उकलले. दुसऱ्याच जातीचे काही कण इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते. ती भेसळ वगळताच प्रमाण पुन्हा एकास एक आले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी हे स्वतःच जाहीर केले.

“मग एवढा खटाटोप व्यर्थच ना, सर?” एका विद्यार्थ्याने विचारले. मी म्हणालो, “बाळ, जयसिंहाने दुसऱ्याची चूक शोधली, ह्यांनी स्वतःची. ह्यांतले अवघड कोणते, ते तूच सांग.”

तो उत्तरला नाही. पण दुसऱ्या दिवशी आपली गणिताची वही घेऊन आला. बरोबर म्हणून मी खूण केलेले एक उदाहरण चुकलेले होते, ते त्याने मला दाखविले.