उणिवेची वांटणी
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं आम्ही पाण्याविषयीं दोन शब्द बोलूं इच्छितों. शेत ज्याचें त्याचें असतें. परंतु भूमीखालील झरा कोणाचा बांध ओळखीत नाहीं. एकानें खोल विंधन-विहीर घेतली कीं शेजाऱ्याची विहीर आटूं लागते. मग तोही अधिक खोल जातो, आणि अखेरीस दोघेही कोरडे राहतात.

आपल्या पूर्वजांनीं यावर उपाय शोधिला होता. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर कित्येक शतकें फड-पद्धति चालत आली. नदीवर बंधारा, त्यांतून निघालेला पाट, व पाटाखालील जमिनीचे बहुधा चार फड. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें व पुढें पिकांची पाळी बदलावयाची. पाणी देण्यास पाटकरी, पिकें राखण्यास जागल्या, देखरेखीस हवालदार, आणि सर्वांवर शेतकऱ्यांचेच पंच. पुष्कळांची जमीन प्रत्येक फडांत थोडथोडी असे. पाणी कमी पडलें म्हणजे कोणते फड भिजवावयाचे हें पंच ठरवीत. त्यामुळें टंचाई एका दुबळ्याच्याच माथीं न येतां सर्वांत वांटली जाई. भरल्या कणगींतून वांटणी कोणीही करील; उणीव वांटून घेण्यास मात्र नियम लागतो, आणि तो सर्वांनीं मिळून केलेला असावा लागतो.

हें केवळ जुन्या काळचें नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. ग्रामसभेनें कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पत्करिली, श्रमदानानें पाणी अडविलें. पुढें दरवर्षीं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत पडली : आधीं माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी, मग पिकें. शेतीसाठीं विंधन-विहिरी गांवानें वर्ज्य केल्या. पोप फ्रान्सिस यांनींही २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रांत पिण्याचें शुद्ध पाणी हा मनुष्यमात्राचा मूलभूत हक्क म्हटला आहे.

तेव्हां आमची विनंती इतकीच : रब्बीच्या पेरणीपूर्वीं, सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांसह, गांवांतील विहिरींची पातळी मोजावी व आंकडे ग्रामसभेपुढें ठेवावे. आणि ज्याची विहीर सर्वांआधीं आटते, त्यास त्या सभेंत प्रथम बोलूं द्यावें.