कुरट्यावरचा दिवा



वैशाखातली तलखी ओसरल्यावर आपण येथे जमता, ते चार नव्या गोष्टी कानांवर पडाव्यात म्हणून. आम्ही मात्र आज आपणांस आपल्याच घरातली, पण विसरलेली एक गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट एका बेटाची आहे. बेट म्हटले म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातली दूरदूरची नावे डोळ्यांसमोर येतात. पण एक बेट असे आहे की, ते शंभर वर्षांच्या आसपास करवीरच्या गादीचे होते आणि आज आपल्यापैकी पुष्कळांना ते केवळ सहलीचे ठिकाण म्हणून ठाऊक आहे. मालवणासमोरचे हे कुरटे बेट, म्हणजेच सिंधुदुर्ग.

कोल्हापुराहून आम्ही चौघे पहाटे निघालो. राधानगरीवरून दाजीपूरचे जंगल ओलांडले आणि फोंडा घाटाच्या माथ्यावर गाडी थांबविली. श्रोतेहो, घाटमाथा ही मोठी विलक्षण जागा आहे. पाठीमागे आपला ऊस, आपली काळी माती, आपला गूळ. आणि पायांखाली एकदम दुसरेच जग. तांबडी वाट, जांभ्या दगडाची घरे, काजू, फणस आणि उतारावरून वर येणारी दमट हवा. घाट उतरून कणकवली, कसाल करीत दीडशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास झाला की मालवणचे बंदर येते. तेथे उभे राहिले म्हणजे समोर पाण्यात काळ्या तटाची एक लांब रेघ दिसते. दरवाजा मात्र कोठेच दिसत नाही.

हा दरवाजा न दिसणे हीच त्या बांधणीची पहिली खूण. होडी खडकांमधून वाकडीतिकडी वाट काढीत जाते. सरळ गेली तर फुटेल, हे नावाड्याला शिकवावे लागत नाही. तटाच्या अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या कवेत लपलेला दरवाजा एकाएकी समोर येतो. आत पाऊल टाकताच मारुतीचे दर्शन होते. जवळच दोन लहान घुमट्यांखाली चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. ते महाराजांचे, अशी शेकडो वर्षांची श्रद्धा आहे. आमच्याबरोबरच्या एका मित्राने पुरावा काय म्हणून विचारले. होडीवाला हसला आणि त्याने ठशासमोर हात जोडले. त्याला पुराव्याची गरज नव्हती.

या किल्ल्याचा पाया २५ नोव्हेंबर १६६४ रोजी घातला गेला आणि १६६७ मध्ये बांधकाम पुरे झाले. बेटाचा विस्तार ४८ एकरांच्या घरात आहे. तटाची लांबी सुमारे ३ किलोमीटर असून तो सरळ कोठेच जात नाही. खडकाच्या वळणाप्रमाणे नागासारखा वळत राहतो. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा नावाचा खडक आहे. त्यावर गणपती, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग कोरलेले आहे. त्याची पूजा करून मग कामाला हात घातला गेला, असे मालवणात आजही सांगतात. पायाच्या दगडांत शिसे ओतले, ही गोष्ट तर तेथले लहान पोरही सांगते.

जेथे इतिहासाचे कागद संपतात तेथे दंतकथा सुरू होतात. एक कथा अशी की, पाया काही केल्या टिकेना; तेव्हा कांदळगावच्या रामेश्वराने महाराजांना दृष्टान्त दिला. दुसरी, किल्ल्यातून समुद्राच्या पोटाखालून गावापर्यंत भुयार गेले आहे. तिसरी, दोन फांद्या फुटलेल्या माडाची. पण ती कथा नव्हे, तो माड शेकडो लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. पुढे विजेने तो नेला. आता त्याची आठवण तेवढी राहिली आहे, आणि पन्नास वर्षांनी तीही दंतकथाच ठरेल.

आम्हांला सर्वांत नवल वाटले ते विहिरींचे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी चहूकडून खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर आहेत आणि पाणी गोड! शास्त्र असे की, पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून मुरते आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहते. उपसा मर्यादेत असेल तोवरच ते गोड. हाव धरली की खालचे खारे वर येते. दूध, दही, साखर ही नावे ज्याने ठेवली त्याला हे शास्त्र ठाऊक असो वा नसो, पाण्याची किंमत मात्र पुरती ठाऊक होती.

आणि आता त्या जागेकडे येऊ, जिच्यासाठी आम्ही आज उभे आहोत. किल्ल्याच्या आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे. छत्रपती राजाराम महाराजांनी ते उभारले आणि आपल्या शाहू महाराजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी, त्यापुढे सभामंडप झाला. आतली शिवरायांची मूर्ती बैठी आहे. आपण चित्रांत पाहतो तशी दाढी तिला नाही. मूर्तीवर चांदीचा मुखवटा चढवितात. पुतळे आपल्याकडे गावोगाव आहेत. पण येथे महाराजांची रोज पूजा होते, रोज दिवा लागतो. ही पूजा किल्ल्यातच पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या घरांनी चालविली आहे.

मंदिरामागे एका घराच्या पडवीत एक वृद्ध बाई कोकम वाळवीत बसल्या होत्या. आम्ही पाणी मागितले. कोठून आलात, हे कळताच त्या म्हणाल्या, "कोल्हापूरसून इलास? मगे तुमी घरचीच माणसा." आम्ही विचारले, "आजी, पावसाळ्यात कसे राहता?" त्या म्हणाल्या, "होडी बंद झाली काय हय आमी नि म्हाराज. दुसरा कोण नाय." मुले कोठे, असे विचारल्यावर त्यांनी मालवणाकडे बोट केले. मग सूप खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "आमच्यामागे दिवो कोण लावतलो?"

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. परतीच्या होडीत आम्ही चौघेही गप्प होतो.

आपला या बेटाशी संबंध काय, असे कोणी विचारील. वारणेचा तह १७३१ चा. त्यानंतर दक्षिण कोकणचा हा किनारा करवीरकडे राहिला. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे परके नाव दिले. तेव्हा गादीचा कारभार जिजाबाई पाहत होत्या. त्यांनी तह करून, मोठी रक्कम कबूल करून तो परत मिळविला. पुढे १८१२ च्या तहाने मालवण आणि हा दुर्ग कोल्हापुराने इंग्रजांना दिला. म्हणजे एकदा आपण पैसे मोजून हे बेट सोडविले आहे आणि एकदा ते हातचे घालविले आहे. आजींचे ‘घरचीच माणसा’ हे शब्द उगाच नव्हते.

बेटाभोवतीच्या काही परंपरा अजून जिवंत आहेत. कांदळगावचा रामेश्वर दर तीन वर्षांनी तरंग-पालखीसह होडीत बसून शिवराजेश्वराच्या भेटीस येतो. नारळी पौर्णिमेला किल्ल्यावरचा मानाचा नारळ आधी समुद्राला अर्पण होतो, मग बाकीच्यांचे. पण सर्वच परंपरांचे दैव असे नाही. रापण घ्या. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकावयाचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढावयाची. मिळालेल्या मासळीचे वाटे पडत, आणि दोरीला नुसता हात लावणारा वाटसरूही रिकाम्या हाती जात नसे. पुढे यांत्रिक नौका आल्या, पर्ससीन जाळी आली, दिव्यांच्या लखलखाटात मासे गोळा करणे आले. शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. पण कायदा जाळे अडवू शकतो. दोरी ओढावयास एकत्र आलेली चाळीस माणसे तो निर्माण करू शकत नाही. रापण ही केवळ मासे धरण्याची रीत नव्हती, ती गाव धरून ठेवण्याची रीत होती.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत सिंधुदुर्ग आहे आणि आपला पन्हाळाही आहे. आनंदाची गोष्ट आहे. परंतु मान मिळाल्याने प्रवासी वाढतात, रहिवासी वाढत नाहीत. त्याच मालवणात राजकोटच्या किनाऱ्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, हे आपण सर्वांनी पाहिले. त्याच समुद्रात, त्याच वाऱ्यात, समोरचा तट साडेतीनशे वर्षे उभा आहे. दोष कोणाचा हे ठरविण्याचे हे व्यासपीठ नव्हे. आम्हांला एवढेच दिसते की, उभारणे एका दिवसाचे असते आणि राखणे रोजचे.

मग किल्ल्यावरच्या माणसांनी आमच्या हौसेसाठी गैरसोयीत राहावे काय? मुळीच नाही. त्यांच्या मुलांनी मालवणात, मुंबईत जावे, शिकावे, सुखी व्हावे. वीज, दवाखाना, पावसाळ्यात भरवशाची होडी हे त्यांचे मागणे न्याय्यच आहे. परंतु तेथे राहणे म्हणजे केवळ हाल, अशी स्थिती आपण होऊ दिली, तर ती माणसे किल्ला सोडतील, आणि मग आपण तेथे पहारेकरी नेमू. पहारेकरी दरवाजा बंद करतो. दिवा घरचे माणूस लावते.

यासाठी फार मोठे काही करावयास नको. आपल्यापैकी कोणी तेथे जाईल तेव्हा होडीवाल्याने दिलेल्या एका तासात परत फिरू नये. किल्ल्यातल्या माणसांच्या हातचे सरबत घ्यावे, त्यांच्या पडवीत बसावे. आपल्या महाविद्यालयांतील मुलांनी चार सुट्ट्या खर्च करून तेथल्या वृद्धांच्या कहाण्या, रापणीच्या हाळ्या, विहिरींच्या गोष्टी त्यांच्याच मालवणीत टिपून ठेवाव्यात. आणि त्या रहिवाशांची गाऱ्हाणी दरबारी मांडावयाची वेळ येईल तेव्हा कोल्हापूरकरांनी आपला आवाज त्यांत मिसळावा.

निघताना आम्ही किनाऱ्यावर थोडा वेळ रेंगाळलो. सूर्य बुडाला, प्रवाशांच्या होड्या ओढून घेतल्या गेल्या, तटाची रेघ काळोखात मिसळली. मंदिर किनाऱ्यावरून दिसत नाही, तिथला दिवाही दिसत नाही. पण तो लागला असेल, हे आम्हांला ठाऊक होते. आजींच्या मागेही तो लागावा, एवढीच आमची इच्छा आहे.