हलक्या विनोदाची बाजू



पत्रिकेत विषय छापला आहे, 'अमेरिकेतला राजकीय विनोद'. मार्क ट्वेन आपण वाचलेला आहे, विल रॉजर्सचं नाव ऐकलेलं आहे, आणि तिकडचे रात्रीचे टीव्ही कार्यक्रम आता आपल्याकडेही मोबाइलवर पाहिले जातात. त्यांची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. सत्ताधाऱ्यांवरचा उत्तम विनोद टिकवायचा असेल, तर भिकार विनोदालाही पाठीशी घालावं लागतं. चांगला तेवढा ठेवू आणि वाईट पोलिसांच्या हवाली करू, अशी सोय कुठल्याही देशात नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुलं न्यू जर्सीत आहेत. त्यांच्याकडे जाताना आपण नेवार्कला उतरता. (सभागृहात कुजबुज.) याच नेवार्कमधून १७९८च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स आपल्या गावी चालले होते. त्यांच्या मानार्थ तोफा उडाल्या. ल्यूथर बाल्डविन नावाचा एक इसम त्या वेळी दारू पिऊन होता. सोबतचा म्हणाला, राष्ट्राध्यक्ष चाललेत आणि हे त्यांच्या पार्श्वभागावर तोफा डागताहेत. बाल्डविन म्हणाला, आरपार गेल्या तरी माझी हरकत नाही. (हशा.)

हसलात ना? बाल्डविनला या वाक्यासाठी कोर्टात उभं राहावं लागलं. राजद्रोही बोलण्याबद्दल दंड झाला. त्याच १७९८च्या जुलैत अ‍ॅडम्स यांनी राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली होती. सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक लिहिणं-बोलणं हा गुन्हा; शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. या यादीत उपराष्ट्राध्यक्ष नव्हते. उपराष्ट्राध्यक्ष होते थॉमस जेफरसन, म्हणजे विरोधी पक्षाचे पुढारी. त्यांची निंदा खुशाल करावी! आणि कायद्याची मुदत ठरवली होती ३ मार्च १८०१, नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीच्या आदल्या दिवसाची. उद्या आपण विरोधात बसलो तर हे हत्यार आपल्यावर उलटू नये, एवढी काळजी घेतलेली होती.

एक चिठ्ठी आली आहे. 'व्यक्तीवर टीका करावी, पण पदाचा मान राखायला नको का?' विचारणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून नीट उत्तर देतो. अ‍ॅडम्स क्षुद्र माणूस नव्हता. बॉस्टनमध्ये जमावावर गोळ्या झाडणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचं वकीलपत्र १७७० साली त्यानेच घेतलं, तेही सारं शहर खवळलेलं असताना. असा कायद्याची चाड असणारा माणूस सत्तेवर बसल्यावर एका दारुड्याचं वाक्य त्याच्या राज्याला सहन झालं नाही. पदाचा मान कायद्याने राखायला निघालं की पहिला सापडतो तो बाल्डविन. मुत्सद्दी सापडत नाहीत. त्यांना जपून बोलता येतं.

आता थेट १९८३. 'हसलर' नावाच्या अश्लील मासिकाने जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकावर विडंबनाची जाहिरात छापली. फॉलवेल म्हणजे 'मॉरल मेजॉरिटी'चे संस्थापक, रेगन यांच्या काळातलं मोठं प्रस्थ. जाहिरातीत त्यांच्या आईबद्दल जे होतं ते मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. (मागून आवाज: "सांगा, सांगा!" हशा.) नाही सांगणार. ते ओंगळ आहे, आणि ओंगळ आहे म्हणूनच मला त्याची गरज आहे. तळाशी बारीक अक्षरांत 'हे विडंबन आहे' असं छापलेलं होतं. ज्युरीने फॉलवेल यांचा बदनामीचा दावा फेटाळला, कारण असलं काही कोणी खरं मानणार नाही. पण मनस्तापापोटी दोन लाख डॉलरची भरपाई देवविली.

सर्वोच्च न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९८८ला तो निकाल फिरवला. आठ विरुद्ध शून्य. निकालपत्र लिहिलं सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी, म्हणजे पक्क्या उजव्या विचारांच्या न्यायाधीशाने. त्यात त्यांनी अमेरिकन व्यंगचित्रांचा इतिहासच मांडला: गाढव म्हणून रंगवलेले वॉशिंग्टन, लिंकनची उंच बेंगरूळ अंगकाठी, थिओडोर रूझवेल्ट यांचे दात आणि चष्मा.

त्यात व्यंगचित्रकार थॉमस नास्टही आहे. नास्टवर थोडं थांबलंच पाहिजे. १८७१मध्ये 'हार्पर्स वीकली'तून त्याने न्यूयॉर्क महापालिका लुटणाऱ्या ट्वीडची चित्रं काढली. ट्वीडच्या मतदारांत कित्येकांना वाचता येत नव्हतं, पण चित्र कळत होतं. ट्वीड तुरुंगात गेला, १८७५मध्ये पळाला, स्पेनमध्ये सापडला. तिथे तो नास्टच्या चित्रावरूनच ओळखला गेला असं सांगतात. १८७८मध्ये तो तुरुंगातच मेला. हा झाला थोर विनोद. रेन्क्विस्ट म्हणतात, 'हसलर'ची जाहिरात या घराण्याची लांबची आणि गरीब नातेवाईक आहे. पण दोघांना वेगळं करणारी रेघ तत्त्वाने आखता येईल का? त्यांना शंका वाटली. मला तर खात्रीच आहे की येणार नाही. 'अतिरेकी' कशाला म्हणायचं, ते ज्युरीच्या आवडीनिवडीवर ठरेल. आणि ट्वीडच्या मर्जीतले बारा जण बसवले असते तर नास्टही अतिरेकीच ठरला असता.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं द्या. २००४मध्ये जॉन स्टुअर्टने सीएनएनच्या 'क्रॉसफायर'वर जाऊन तिथल्या पंडितांना तोंडावर सुनावलं, २००६मध्ये स्टीफन कोल्बेरने भर मेजवानीत बुश यांच्यासमोर त्यांची रेवडी उडवली, हे सोडून देतो. सप्टेंबर २०२५चं मात्र सांगतो. रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमाचा निवेदक जिमी किमेल याच्या बोलण्यावर दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी जाहीर इशारा दिला आणि एबीसीने कार्यक्रम थांबवला. थोड्याच दिवसांत परत सुरू केला, तो लोकांच्या ओरड्यामुळे. किमेल तेव्हा जे बोलला ते मला आवडलं नाही. म्हणूनच त्याची बाजू घ्यायला मी बांधलेला आहे. १७९८चा कायदा आज नाही, पण टीव्ही वाहिन्यांना प्रसारणाच्या परवान्याची भीती घालणं कायद्याइतकंच काम करतं.

शेवटचं. (टाळ्या.) थांबा, हे ऐकून जा. त्याच १७९८च्या कायद्याखाली व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांना चार महिने कैद आणि एक हजार डॉलर दंड झाला. अ‍ॅडम्स यांना थाटामाटाची हाव आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. लायन १८२२मध्ये वारले. १८४०मध्ये काँग्रेसने तो दंड त्यांच्या वारसांना व्याजासह परत केला.