माळाला माळ राहू द्या

अध्यक्षीय भाषणात पक्षिमित्रांच्या कामाचा आढावा घेण्याची प्रथा आहे, पण तो आपल्या हातातल्या अहवालात आहेच. मला अनेक वर्षांपासून मनात असलेली एकच गोष्ट मांडायची आहे. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. याच सातारा जिल्ह्यात माण-खटावच्या वाट्याला जेमतेम ५०० मिलिमीटर येतो. येरळा आणि माणगंगा या पर्जन्यछायेतल्या नद्या. त्यांच्या खोऱ्यांतले पक्षी आपण तळ्याच्या काठावर उभे राहून मोजतो, आणि पाठीमागच्या माळाकडे वळूनही पाहत नाही.

मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी ही नावं रोहित पक्ष्यांमुळे सर्वांना ठाऊक झाली. २०२१ साली मायणी परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण तळं राखलं म्हणजे खोरं राखलं असं होत नाही. पखुर्डीचंच पाहा. ती पाण्यावर येते ती पिण्यापुरती. अंडी घालते दूर, उघड्या माळावर, आणि नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिलांना तिथवर पाणी नेतो. माळ गेला तर तळं भरलेलं असूनही पखुर्डी राहणार नाही. धाविक, चंडोल यांचीही घरटी जमिनीवरच असतात. हिवाळ्यात येणारे भोवत्ये रात्री गवतातच उतरतात आणि दिवसा टोळ-नाकतोडे टिपतात. या पाखरांना दूरवर दिसणारी मोकळी जमीन हवी असते. तीच त्यांची राखण.

आणि ही जमीन सरकारदप्तरी ‘पडीक’. पडीक म्हटलं की ती कुणाच्याही योजनेला मोकळी: कुठे पवनचक्क्या, कुठे सौर प्रकल्प आणि बहुतेक ठिकाणी खड्डे खणून वृक्षारोपण. यातलं शेवटचं मला सर्वांत बोचतं, कारण ते आपलेच लोक हौसेनं करतात. माळावर गिरिपुष्प-सुबाभूळ लावलं की गवत सावलीत मरतं आणि घरटी लुटणाऱ्या कावळ्यांना बसायला फांद्या मिळतात. माळढोकासाठी राखलेल्या नान्नजच्या कुरणातही एके काळी अशी लागवड झाली.

झाडांशिवाय दुष्काळ कसा हटणार, असं विचारलं जातं. ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात झाडं जरूर लावा. पण गवताची मुळंही माती धरतात, पाणी मुरवतात, जमिनीत कर्ब साठवतात. शेतीच्या पाण्यालाही माझा विरोध नाही: टेंभू योजनेचं पाणी आटपाडीला, उरमोडी धरणाचं माणला गेलं, ते योग्यच झालं. दुष्काळी छावण्यांत जनावरं बांधलेल्या शेतकऱ्याला पाणी नाकारण्याचा अधिकार कुणालाच नाही. माझा आग्रह फक्त गायरानांपुरता आणि वनखात्याच्या कुरणांपुरता आहे. चराई बंद केल्याशिवाय पक्षी वाचणार नाहीत, हेही मला मान्य नाही. बेसुमार चराईनं माळ उजाड होतो हे खरं. पण मेंढरं फिरती ठेवून बेतानं चारली तर गवत फार माजत नाही, आणि धाविकासारख्या पक्ष्याला आखूड गवतच लागतं. धनगरांना हाकलून माळ वाचत नाही. ज्याला गवत हवं, तोच त्याचा राखणदार होऊ शकतो. माळढोक अभयारण्याचा धडाही हाच. १९७९ साली साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र घोषित झालं. गावं आणि शेतं त्यात आली, व्यवहार अडले, आणि लोकांचा रोष त्या पाखरावर निघाला. पुढे क्षेत्र बाराशेच्या घरात आणावं लागलं, पण तोवर माळढोक जवळजवळ संपला होता.

म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या सभासदांनी आपापल्या गायरानांची नोंद करावी, ग्रामसभेत आणि धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बोलावं. नकाशा कसा करायचा, खर्च कुठून आणायचा हे दुपारच्या सत्रात ठरवू. येत्या पावसाळ्यात मात्र आपल्या एकाही शाखेनं माळावर रोप लावू नये, एवढा ठराव आजच व्हावा, ही माझी विनंती आहे.