गोळी आणि मतपेटी

१५ मे १९३२. जपानची राजधानी टोकियो. नौदलाचे काही तरुण अधिकारी पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी यांच्या निवासस्थानी घुसले आणि त्यांनी इनुकाई यांना गोळ्या झाडून ठार केले. इनुकाई तेव्हा ७६ वर्षांचे होते. त्याच वर्षी माजी अर्थमंत्री इनोऊए जुन्नोसुके आणि उद्योगपती दान ताकुमा यांचेही खून झाले होते.

जागतिक मंदीने शेतकरी गांजले होते. पुढारी आणि धनिक भ्रष्ट आहेत, त्यांना दूर केले की देश सावरेल, असा मारेकऱ्यांचा दावा होता. खटला चालला तेव्हा लोकांना त्यांच्यातच देशभक्त दिसू लागले. दयेच्या अर्जांचा पाऊस पडला. लष्करी न्यायालयांनी एकालाही फाशी दिली नाही.

परिणाम काय झाला? नवे पंतप्रधान कोणत्याही राजकीय पक्षाचे नव्हते. ते होते नौदलाचे निवृत्त अ‍ॅडमिरल साइतो माकोतो. पक्षांची सरकारे थांबली, ती दुसऱ्या महायुद्धानंतरच परतली. फेब्रुवारी १९३६ मध्ये बंडखोर सैनिकांनी साइतो यांनाही ठार केले. यानंतर लष्कराला विरोध करण्याची हिंमत फार थोड्यांत उरली.

एका खुनाने लोकशाही लगेच कोसळत नाही. खुन्याच्या हेतूचे कौतुक सुरू झाले आणि कायदा नरमला, की ती ढासळू लागते. म्हणून विरोधकाचा खून झाला तरी त्या खुनाचा निषेध तितक्याच ठामपणे करणे, हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.