दार कोणीकडे?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



निर्वासितांच्या छावणीतल्या कामाबद्दल बोल, असं मला सांगितलंय. माझं काम पाणी आणि संडास. जेवणाआधी हा विषय नको, असं संयोजकांना वाटलं. म्हणून मला जेवणानंतरची, म्हणजे तुमच्या झोपेची वेळ मिळाली आहे.

25 ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून रोहिंग्या कुटुंबं बांगलादेशात येऊ लागली. काही महिन्यांत सात लाखांहून जास्त माणसं आली. तिथलं सरकार त्यांना निर्वासित म्हणत नाही, ‘जबरदस्तीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक’ म्हणतं. कॉक्स बझारजवळ कुतुपालोंगच्या टेकड्यांवरचं जंगल बघता बघता साफ झालं आणि तिथे बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. मी ऑक्टोबरात पोचले.

अशा कामात आमच्या हाताशी ‘स्फिअर’ नावाचं मानकांचं पुस्तक असतं. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी; सुरुवातीला 50 माणसांमागे एक संडास, पुढे 20 माणसांमागे एक. कॉलराची धास्ती होती. त्याच महिन्यात तोंडावाटे लस द्यायची मोठी मोहीम झाली. घाईघाईत हातपंप उथळ बसले होते, संडास त्यांना चिकटून खणले गेले होते. पाणी तपासलं की मैल्याचे जंतू सापडायचे. आम्हांला एकच दिसत होतं, आकडा गाठायचा.

माझ्या वाट्याच्या भागात संडासांची ओळ मी रस्त्याकडेला घेतली. खड्डे लवकर भरतात, उपसायला पंप आणि पाइप पोचला पाहिजे. दारं रस्त्याकडे. आकडा जमला, अहवाल गेला.

तीन आठवड्यांनी एका झोपडीत बसले होते. बरोबर चितगावची मुलगी दुभाषी म्हणून होती. तिची बोली रोहिंग्यांना कळते. घरातल्या बाई म्हणाल्या, आम्ही उजाडायच्या आत जाऊन येतो, मग अंधार पडेपर्यंत पाणी पीत नाही. जेवतोही कमी. कोण आत गेलं ते रस्त्यावरचे सगळे पुरुष बघतात. वरच्या बांबूला, चुलीच्या धुरात, पाळीच्या घड्या वाळत होत्या. बाहेर घालायची सोय नव्हती.

मी माणशी 15 लिटरचा हिशोब लावत होते, आणि त्या पाणी पीतच नव्हत्या.

माझ्या वर्गातल्या मुली इथे बसल्यात, त्यांना विचारा. आठवी ते दहावी आम्ही शाळेत पाणी प्यायलो का? आमचा संडास मैदानाच्या कडेला, दार मैदानाकडे, आणि मधल्या सुट्टीत समोर तुमचं क्रिकेट. वॉटरबॅग भरलेली आणायची, भरलेलीच घरी न्यायची. तीन वर्षं हे केलेली मी, आणि तिथे नकाशा काढताना मला ते एकदाही आठवलं नाही.

ओळ हलवणं शक्य नव्हतं. दारं मागच्या बाजूला फिरवली, बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा केला, आतून कड्या लावल्या. अंघोळीला बंदिस्त जागा केली, आतच दोऱ्या बांधल्या. जागा बायकांनी दाखवल्या. एक सौरदिवा त्यांनी हलवायला लावला, कारण त्या उजेडात पोरं अड्डा जमवायची. म्हाताऱ्या मात्र शेवटपर्यंत आल्या नाहीत. त्यांना उतार झेपत नव्हता. त्यांच्यासाठी मला काही करता आलं नाही. पुढे जूनच्या पावसात टेकडी खचली आणि अर्धी ओळ तिच्याबरोबर गेली. पुन्हा बांधली.

आपण शाळेच्या नव्या स्वच्छतागृहासाठी पैसे जमवलेत. नकाशा ऑफिसात लावलाय, सकाळी पाहिला. मुलींच्या बाजूचं दार अजून मैदानाकडेच आहे. मुख्याध्यापकांना विचारून ठेवलंय. उद्या पहिल्या तासाला तो नकाशा घेऊन मी आठवीच्या मुलींकडे जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या. पुरुषमंडळींनी वर्गाबाहेर थांबावं.